पपई मादी असल्याचं हमीपत्र

समस्त पुणेकरांना, विशेषतः ज्यांच्या बंगल्यामागे, सोसायटीच्या कुंपणाशी किंवा गच्चीवरच्या पिंपात पपईचं झाड उभं आहे त्यांना, अत्यंत गंभीरपणे आणि कोणाच्याही दबावाखाली न येता कळवण्यात येतं की, पपईचं रोप नर आहे की मादी, हे मला ओळखता येत नाही. कधीच येत नव्हतं. गेली सत्तावीस वर्षं हडपसरच्या माझ्या रोपवाटिकेत मी ते ओळखून देत आलो आहे.

ज्यांना धक्का बसला असेल त्यांनी घोटभर पाणी प्यावं. ज्यांना बसला नसेल त्यांच्या दारात नर उभा असणार, आणि त्यांना हे केव्हाच कळलेलं असणार.

आता धंदा समजून घ्या, म्हणजे माझा गुन्हा नीट कळेल. गावठी पपईत नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. मादीला खोडाला चिकटून फुलं येतात आणि तिथेच पपई धरते. नराला लांब, लोंबत्या देठांवर फुलांचे झुबके येतात, वास सुंदर सुटतो, आणि पुढे काहीही होत नाही. अडचण एवढीच की फूल येईपर्यंत, म्हणजे लावल्यापासून पाच-सहा महिने, दोघं दिसायला अगदी सारखी. शेतकरी यावर साधा उपाय करतो. एका खड्ड्यात तीन रोपं लावतो, फुलं आली की मादी ठेवतो, बाकीची उपटतो, आणि दहा-बारा माद्यांमागे एखादा नर परागासाठी राखतो. पुणेकराकडे मात्र खड्डा एकच असतो, आणि त्यातही निम्म्यात शेजाऱ्याची स्कूटर. त्याला रोप एकच हवं असतं, तेही खात्रीचं. परागाची काळजी त्याला नसते. तिची गरजही नसते, कारण आसपास कुठेतरी एखादा नर असतोच. मीच विकलेला.

हल्ली तैवानी बियाण्याची रोपं मिळतात, त्यांत नर निघत नाही. मीही ती ठेवतो. पण मनात गावठीच धरून आलेलं गिऱ्हाईक तैवानी रोपाकडे जावयाच्या दुसऱ्या बायकोकडे बघावं तसं बघतं.

म्हणून मी माझा विधी बसवला. आधी पिशवी उजव्या हातात तोलायची. रोप उगवतीकडे धरायचं. पिशवीचं बूड जरा फाडून मुळं बघायची. सोटमूळ सरळ गेलं असेल तर नर, फाटे फुटले असतील तर मादी. हे ज्ञान मला माझ्या आत्यानं दिलं, आणि आत्याच्या परसात तीन नर होते. मग डोळे मिटून बुंध्यावरून अंगठा फिरवायचा, थांबायचं, आणि हळूच म्हणायचं, ‘बाई आहे.’ सगळ्यात अवघड भाग म्हणजे ते थांबणं. घाई केली तर गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्या रोपाकडे नीट लक्ष दिलं नाही.

दोनांतला एक निकाल माझ्या बाजूनं लागतो. ज्यांच्या झाडाला फळ धरतं ते पहिली पपई मला आणून देतात आणि दहा जणांना माझं नाव सांगतात. ज्यांचा नर निघतो त्यांना मी एकच प्रश्न विचारतो, “पाणी सकाळी घालत होता की संध्याकाळी?” ते जे सांगतील ते चुकलेलं असतं. बिचारे नवीन रोप घेऊन, मान खाली घालून जातात. रोपवाटिकेचा खरा कारभार माझी बायको मंगल बघते. ती कलमं बांधता बांधता एवढंच म्हणते की तुमचं नुसतं सोंग हाय, नाणं उडवून दिलं तरी एवढंच खरं होईल. तिचं म्हणणं बरोबर आहे. पण नाणं उडवणाऱ्या माणसाकडे कर्वेनगरहून कोण येणार?

पपई हे झाड नसून दवाखाना आहे, असं या शहरातल्या निम्म्या लोकांचं मत आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ते सकाळी फिरायला गेल्यावर कळतं. पिकलेल्या पपईनं पोट साफ राहतं, हे मलाही मान्य आहे. कच्ची किसून कोशिंबीर होते. तिचा तुकडा वाटून मटणाला चोळला की कितीही अनुभवी बोकड लवकर शिजतो. केकमधले लाल-हिरवे गोड तुकडे कच्च्या पपईचेच असतात, पाकात मुरवून रंगवलेले. हे सांगितल्यावर एका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांच्या बालपणात भेसळ केली होती. चीक पायाच्या कुरुपावर लावतात. एका कॉलेजातल्या मुलीनं तो मुरुमांवर लावला, चेहरा भाजून घेतला आणि ओढणीत तोंड गुंडाळून मला जाब विचारायला आली. मी सवयीनं बोलून गेलो, “सकाळी लावला होता की संध्याकाळी?” त्याचं मला अजून वाईट वाटतं. कारण तिनं गंभीरपणे उत्तर दिलं.

हडपसरजवळच्या मांजरी गावातल्या एका सासूबाईंनी तर सुनेला दिवस गेल्याचं कळताच फळांनी लगडलेलं झाड तोडायला मला बोलावलं. पोटुशी बाईनं पपई खाऊ नये हे आपल्याकडे घरोघरी पाळतात, आणि कच्च्या पपईला डॉक्टरही नको म्हणतात. पण तिनं खाल्ली नाही म्हणजे झालं, झाडानं काय केलंय, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, “ती ऐकायची न्हाई.” सून ओट्यावर बसून शांतपणे पेरू खात हे सगळं ऐकत होती. वर्षभरानं त्याच सासूबाई नातीला कडेवर घेऊन नवीन रोप न्यायला आल्या. मी डोळे मिटून ‘बाई आहे’ म्हणालो. त्या नातीकडे बघून म्हणाल्या, “तुमचा हात चांगला हाय.” माझा त्यात काय हात होता हे मी स्पष्ट केलं नाही.

तर अशा आनंदात चाललं होतं. मग विजयाताई आल्या.

गेल्या वर्षी पाऊस चांगला लागल्यावरची गोष्ट. साधारण सत्तरीच्या, कापसासारखे पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. कर्वेनगरहून दोन बसा बदलून आल्या होत्या. गावठी पपईचं एक रोप हवं, मादीच हवं, म्हणाल्या. मी विधी सुरू केला. एरवी माणसं माझ्या चेहऱ्याकडे बघतात. या माझ्या हातांकडे बघत होत्या. मी डोळे मिटले, अंगठा फिरवला, थांबलो, आणि म्हणालो, “बाई आहे.”

“झालं?” त्या म्हणाल्या. “यातली तपासणी कुठली होती?”

मी मुळांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की चौतीस वर्षं त्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. मशिनं यायच्या आधी काचेवर रक्ताचा थेंब पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायच्या. स्वतः बघितल्याशिवाय कुठल्याही रिपोर्टवर त्यांनी कधी सही केली नव्हती.

“तुम्ही बघितलंत ना? मग लिहून द्या.”

सत्तावीस वर्षांत हे कोणी मागितलं नव्हतं. मंगलनं उत्साहानं कागद आणला. ‘सदर पपईचे रोप मादी असल्याची पूर्ण शहानिशा करून हमी देत आहे,’ असं मी लिहिलं, सही केली. शिक्का मंगलनं मारला, जरा जोरातच.

त्या कागदाचं पुढे काय होणार हे मला नंतर कळलं. विजयाताईंच्या सोसायटीत जुनी चार मजली इमारत आहे आणि खाली सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले. आधी अनंत गेला, मग कढीपत्ता, मग प्राजक्त. प्रत्येक वेळी एक गाडी जास्त मावली. उरला होता तो मीटरच्या खोलीशेजारचा, हातभर रुंद मातीचा कोपरा. सेक्रेटरी पाठकांना तिथे विजेच्या स्कूटरसाठी चार्जिंग पॉइंट हवा होता. पाठक बँकेतून निवृत्त झालेले, नियमाला पक्के. विजयाताईंनी भांडून एक अट मान्य करून घेतली होती. कोपऱ्यात उपयोगाचं झाड लावायचं. पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत फळ धरलं तर कोपरा झाडाचा. नाही धरलं तर चार्जिंग पॉइंटचा. माझं हमीपत्र पाठकांनी सभेच्या वहीत डकवलं.

हे कळल्यावर मी त्यांना विचारलं, एका पपईसाठी एवढं कशाला? मंडईत हवी तेवढी मिळते. त्या म्हणाल्या, “पपई मिळते हो. चौतीस वर्षं मान खाली घालून ठिपके मोजले. आता रोज सकाळी मान वर करून एक काहीतरी वाढताना बघायचंय. त्याला माती लागते.”

त्या दिवशी मी घरी येऊन पहिल्यांदाच देवापुढे उभा राहिलो आणि एका पपईसाठी बाईचा जन्म मागितला.

संक्रांत झाली आणि विजयाताईंचा फोन आला. “संपतराव, तुमच्या बाईला मिशा आल्यात.”

गेलो. झाड सुरेख वाढलं होतं, पुरुषभर उंच. पुरुषच होता. चहूबाजूंनी हातभर लांब देठ लोंबत होते, त्यांवर फुलांचे झुबके, मधमाश्या घोंगावताहेत. शेजारी पाठक हातात मोजपट्टी घेऊन उभे. मोजमाप सुरूही झालं होतं.

आता इथे सज्जन माणूस काय करेल? खरं सांगेल. मी झाडाभोवती एक फेरी मारली, एक फूल तोडून हुंगलं, आणि थांबलो. मग म्हणालो, “पहिला बहर आहे. पपईचा पहिला बहर फसवा असतो.” आणि खात्रीसाठी खिळा मारायला सांगितला. हे मात्र मी बनवलेलं नाही. खेड्यापाड्यांत नराच्या पपईला फळ धरावं म्हणून बुंध्यात लोखंडी खिळा ठोकतात. कुणी कुणी साडी नेसवतात. मी दोन्हींपैकी कमी खर्चाचा उपाय निवडला. पाठकांनी स्वतः खिळा आणि हातोडी आणली. मी ठोकत असताना विजयाताई माझ्या मागे उभ्या राहून हळूच म्हणाल्या, “यानं खरंच सुधारणा होत असेल तर कमिटीतही एकेक मारून बघा.”

पाठक मात्र प्रभावित झाले. अनुभवी माणसाचं ऐकावं, दसऱ्यापर्यंत वाट बघू, म्हणाले आणि मोजपट्टी गुंडाळून वर गेले. ते दिसेनासे झाल्यावर विजयाताईंनी एक फूल उचलून तळहातावर ठेवलं.

“हा नर आहे. हे बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पण पाठकांना दिसत नाही, तोवर झाड आहे.” मग ते फूल खाली टाकून म्हणाल्या, “चुकीच्या रिपोर्टवर आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसतेय. तुमच्या संगतीनं.”

दुसरं रोप लावू, फळाला आलेली मादी मुळासकट आणून रातोरात बदलू, असे दोन-तीन नाटकी उपाय मी सुचवले. त्यांनी ऐकून घेतले आणि चहा दिला. चहात साखर नव्हती. ती माझी शिक्षा होती की त्यांची पद्धत, हे मी विचारलं नाही.

पुढचे सात-आठ महिने झाड दिमाखात फुलत राहिलं. खिळा गंजला. गणपती उठले, आणि डेंग्यूची साथ आली.

डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होतात, आणि पपईच्या पानांचा रस प्यायला की त्या वाढतात, असं सगळं पुणं मानतं. पानं ठेचायची, फडक्यातून पिळायची, तो हिरवा कडूजहर रस नाक दाबून प्यायचा. गुण येतो की नाही यावर जाणकारांत एकमत नाही. चवीवर आहे. साथीच्या दिवसांत माझ्या दारात रोपांपेक्षा पानांसाठी रांग असते, आणि पानं मात्र नराची चालतात, मादीची चालतात, कोणी हमीपत्र मागत नाही. माझ्या लेखी धंद्यातला हा सगळ्यात प्रामाणिक महिना.

यावर विजयाताईंचं मत मी आधीच ऐकलं होतं. त्यांनी आयुष्यभर प्लेटलेट्स मोजल्या होत्या. त्या सांगायच्या, ताप येतो, प्लेटलेट्स उतरतात, मग ज्याचं बरं व्हायचंय त्याच्या आपोआप चढायला लागतात, बहुतेकदा आठवड्याच्या आसपास. त्या वेळी रोग्याच्या जवळ जे कोणी असेल, ते श्रेय घेतं. पान असेल तर पान, किवी असेल तर किवी, बाबा असेल तर बाबा. हे ऐकून मी घाईनं विषय बदलला होता. कारण दोनांतल्या एका पपईचं श्रेय घेत मी हेच तर करत आलो होतो.

कर्वेनगरच्या त्या झाडाची पानं आठवड्यात संपली. ज्यांनी चार्जिंग पॉइंटच्या बाजूनं हात वर केला होता तेच शिड्या लावून चढले होते. शेंड्याला चार कोवळी पानं आणि खाली नुसते लोंबते झुबके, असा अवतार झाला. आणि पाठक तापानं पडले.

पाचव्या दिवशी त्यांच्या मुलाचा, ओंकारचा फोन आला. आयटीत काम करणारा, गुणी मुलगा. “अंकल, पप्पांच्या प्लेटलेट्स खूप ड्रॉप झाल्यात. सोसायटीच्या ट्रीची लीव्हज संपली. तुम्ही अर्जंट घेऊन याल का? पप्पा म्हणतात, तुम्ही आणलेलीच हवीत.”

खरं सांगू का, मी खूश झालो. कोवळी पानं निवडली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि स्कूटरवर असा निघालो, जसं कोणी मोठं ऑपरेशन करायला निघावं. मंगल मागून म्हणाली, डॉक्टरनी काय सांगितलंय ते आधी विचारा. मी हात हलवला.

पाठकांच्या खोलीत त्यांची बायको, ओंकार आणि पायाशी खुर्चीवर विजयाताई होत्या. विजयाताईंच्या हातात रिपोर्ट. पाठक उशीला टेकून बसले होते आणि चेहऱ्यावर विजयी भाव होता. सकाळीच ताप उतरला होता. पानांनी काम केलं, म्हणाले. पण ओठ सुकलेले, पोट दुखतंय म्हणून एक हात पोटावर. दोनदा उलटी झाली होती, ती रसानं शरीरातलं विष बाहेर पडतंय म्हणून, असं त्यांनी मला समजावलं. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं ते ब्रश नवीन आहे म्हणून. डॉक्टरांनी आजच दवाखान्यात दाखल व्हा म्हणून सांगितलं होतं. पाठकांचं म्हणणं, एकदा आत घेतलं की ते सोडत नाहीत.

विजयाताई शांतपणे सांगत होत्या की ताप उतरला म्हणजे सुटलो असं या आजारात नसतं, खरी काळजी ताप उतरल्यावरच घ्यायची असते, आणि पोटदुखी, उलटी, हिरड्यांतलं रक्त, ही सगळी दाखल होण्याचीच लक्षणं आहेत. बहुतेक त्या हे तासभर सांगत असाव्यात. पाठकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“विजयाताई, आपण रिपोर्टच्या जाणकार. संपतराव झाडाचे. काय संपतराव? आज रात्रभर दर दोन तासांनी रस घेतला तर उद्या सकाळपर्यंत वाढतील ना?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यात असे क्षण रोज येत नाहीत. भरलेली खोली, आजारी माणूस, हातात पानं, आणि सगळ्यांचा विश्वास. मला काही खोटं बोलायचंही नव्हतं. फक्त डोळे मिटून थांबलो असतो, तरी काम झालं असतं.

“संपतराव,” विजयाताई म्हणाल्या, “खरं सांगा यांना. सगळं.”

त्या ‘सगळं’ म्हणाल्या तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खाली झाड होतं. दसरा पंधरा दिवसांवर होता. त्या काय सोडून देत होत्या, हे खोलीत फक्त मला कळत होतं.

मी गोणपाट खाली ठेवलं.

“पाठकसाहेब, मला पपईतलं नर-मादीसुद्धा कळत नाही. खाली उभा आहे तो नर आहे. त्याला फळ धरायचं नाही. हमीपत्र खोटं, फसवा बहर खोटा, खिळा तर साफ खोटा. ज्याला झाड बाई का बुवा हे ओळखता येत नाही, त्याच्या शब्दावर तुम्ही रक्त गळत बसलाय. उठा.”

पाठकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते एके काळी बनावट सहीच्या चेककडे बघत असावेत. मग ओंकारला गाडी काढायला सांगितली.

दोघांच्या आधारानं ते दारापर्यंत आले आणि थांबले. माणसाला धड उभं राहता येत नव्हतं, पण सेक्रेटरी उभा होता.

“म्हणजे कोपरा गेला, विजयाताई.”

“गेला,” त्या म्हणाल्या. “आता उतरा. जिना जपून.”

दवाखान्यात त्यांना सलाइन लावलं, तासातासाला तपासलं. आणखी एक दिवस घरी काढला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर ओंकारला म्हणाले. दोन दिवसांनी प्लेटलेट्स हळूहळू चढू लागल्या, चौथ्या दिवशी पाठक घरी आले.

मी मात्र त्या आठवड्यात झोपलो नाही नीट. इतकी वर्षं साथीच्या दिवसांत रांगेतल्या माणसांना पानं मोजून देत होतो, आणि एकालाही विचारलं नव्हतं की घरी कोण आजारी आहे, हिरड्यांतून रक्त येतंय का, डॉक्टरांनी काय सांगितलंय. नर निघालेल्यांना मी दुसरं रोप दिलं. ज्यांनी पानांच्या भरवशावर एक दिवस जास्त घरी काढला, ते परत तक्रार घेऊन आले नाहीत. का आले नाहीत, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. हल्ली मी आधी रिपोर्ट मागतो, मग पान देतो. काही गिऱ्हाइकांना राग येतो. मंगल त्यांना बसवून पाणी देते आणि म्हणते, त्यांचं डोकं ठिकाणावर आलंय, थोडं सहन करा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सभेला हजर राहावं, असं सोसायटीचं पत्र मला आलं. मी इस्त्रीचा सदरा घातला. फासावर जाताना माणसानं नीटनेटकं असावं.

पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाठक वाळले होते, पण आवाज शाबूत होता. विजयाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कोपऱ्यात झाड उभं होतं, नवीन पानं फुटून पुन्हा भरलेलं, झुबके मिरवत. त्याला काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

पाठकांनी मला पुढे बोलावलं आणि माझ्या अंगावर शाल घातली. नारळ दिला. मग बोलायला उभे राहिले. आजारपणात आपल्याला दोन गोष्टी कळल्या, ते म्हणाले. पहिली, संपतराव हा किती विनयशील माणूस आहे. स्वतःच्या ज्ञानाचा गर्व नको म्हणून मला काही येत नाही असं आजाऱ्यासमोर सांगणारा तज्ज्ञ आजकाल मिळत नाही. मी घाईनं म्हणालो की नाही हो, खरंच येत नाही. टाळ्या वाढल्या.

दुसरी गोष्ट, ते म्हणाले, आपल्याला वाचवलं ते या झाडानं. दवाखान्यात जायच्या आधी आपण सहा वाट्या रस घेतला होता. रसाचा गुण यायला वेळ लागतो. तो नेमका आपण दवाखान्यात असताना आला, आणि श्रेय सलाइननं घेतलं. तेव्हा फळाची अट रद्द करून, सदर वृक्ष औषधी असल्यामुळे कोपऱ्यासह कायम राखावा, आणि चार्जिंग पॉइंटसाठी दुसरी जागा शोधावी, असा ठराव आपण मांडत आहोत.

मी विजयाताईंकडे पाहिलं. त्यांनी रुमाल तोंडावर दाबून धरला होता आणि कान लाल झाले होते. चौतीस वर्षं एकही खोटा रिपोर्ट न दिलेल्या बाईसमोर हा रिपोर्ट वाचला जात होता, आणि त्यावरच त्यांचा कोपरा टिकून होता. मी खाली वाकून पुटपुटलो, “ताई, सह्या होऊ द्या.” त्यांनी मान हलवली.

पाठकांनी त्यांना थेट विचारलं की आपण तर यातल्या जाणकार, आपलं काय मत? सगळी सभा वळून बघू लागली. विजयाताईंनी रुमाल काढला नाही. त्यातूनच काहीतरी आवाज आला. पाठकांनी तो अनुमोदन म्हणून लिहून घेतला.

वही फिरली. एकेक सही झाली. शेवटी ती विजयाताईंकडे आली. त्यांनी ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सही केली, खाली तारीख घातली, पेनाला टोपण लावलं, वही मिटून पाठकांच्या हातात दिली, आणि मग रुमाल खाली घेतला.

“अहो पाठक, प्लेटलेट्स आपोआप वाढतात. उशाशी माझी चप्पल ठेवली असती, तरी वाढल्या असत्या.”